मामांच्या गाडीचं स्टेअरिंग

माझ्या बायकोच्या इब्रामपूरच्या मामांइतका वस्तूंवर अविश्वास आणि देवावर विश्वास असलेला माणूस उभ्या पेडणे तालुक्यात सापडणार नाही. वीज खात्यात लाईनमन म्हणून त्यांनी तीसेक वर्षं खांबांवर काढली. तारेला हात लावायचा तो आधी उलट्या हाताने, म्हणजे करंट असला तर मूठ तारेला चिकटत नाही, ही तिथली शिस्त. निवृत्त झाल्यावर मामांनी ती संसाराला लावली. वरणाची वाटी असो, पोदेराने दिलेला गरम पाव असो की पंक्तीत पुढ्यात आलेली जिलेबी असो, आधी हाताची पाठ टेकवायची आणि निकाल द्यायचा. "लायन चालू आसा," नाहीतर "लायन बंद." आमची सोयरीक ठरत होती तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो, तर त्यांनी माझ्या खांद्याला उलटा हात लावून पाहिला आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "लायन चालू आसा." माझी तेवढीच काय ती चौकशी झाली.

देवाच्या बाबतीत मात्र मामा काही तपासून बघत नाहीत. कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायचं नाही. आमच्याकडे लग्नामुंजीला, जत्रेला, विहीर खणताना गाऱ्हाणं घालतात; मामा बल्ब बदलतानाही घालतात. हात जोडून, डोळे मिटून, "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात करून ते देवाला कामाची बारीकसारीक माहिती देतात आणि प्रत्येक मागणीनंतर हजर असलेल्या माणसाने "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. मी जावई असल्यामुळे बहुतेक वेळा मीच हजर असतो. एकदा भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वीचं गाऱ्हाणं इतकं लांबलं की मामींनी मधल्या वेळात तसबीर दुसऱ्या खिळ्याला लावून टाकली.

या दोन्ही स्वभावांचा मिलाफ म्हणजे मामांची गाडी. पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली, दुधी रंगाची, गोल पाठीची. मामांनी ती तरुणपणी डिचोलीच्या एका डॉक्टरांकडून घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला चालवू दिली नाही. दर शुक्रवारी मामींना म्हापशाच्या बाजाराला नेणं हे गाडीचं मुख्य काम. आणि दसऱ्याला तिची पूजा. बाकीचे लोक बॉनेटवर फूल ठेवतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. मामांना ही वरवरची भक्ती मान्य नव्हती. गाडी जिथून वळते तिथे देव, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते स्टेअरिंगच्या मधलं भोंग्याचं बटण उचकटून काढायचे आणि आतल्या नटावर दूध, दही, तूप, मध, साखर असं यथासांग पंचामृत ओतायचे. मामी दर वर्षी म्हणायच्या, "अहो, थंय वतू नका. फूल ठेवा, पुरे." मामा दर वर्षी चमचाभर जास्त ओतायचे.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं दिसतंय तेवढं दिसेल, बाजूचं हळूहळू जाईल. गाडी बंद करा. मामांनी ते मनावर घेतलं नाही. कित्येक महिने ते तसेच चालवत राहिले. उलट मामींवरच चिडायचे, कारण हल्ली म्हापशाला त्यांना फार वेळ लागायला लागला होता. "चार मिरच्यो घेवक दोन तास," असं म्हणत ते झाडाखाली गाडीत डुलक्या काढायचे. एके दिवशी येताना वळणावर त्यांनी हात वर करून कुणाला तरी "बरे मा?" म्हणून विचारलं. मामींनी मागे वळून पाहिलं. रस्त्याच्या कडेला डांबराचं पिंप उभं होतं. "पिंप आसा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मामांना ते लागलं. पिंपाच्या जागी माणूस असता आणि तो रस्त्यात असता तर, हा हिशेब त्यांनी स्वतःच केला.

मामींनी चावी लपवली. मामांनी मला बोलावून घेतलं. "जावयानू, चावी लपवून काय उपेग? मी लायनमन. दोन तारो जोडलंय की गाडी चालू. माझो माझ्यारच विश्वास नाय. स्टेरिंगच काढून घरात ठेवतंय, मगे बघूया मी खंय जातंय तो." जन्मभर प्रत्येक वस्तूवर अविश्वास दाखवलेल्या माणसाने शेवटी स्वतःलाच उलटा हात लावला होता. मी बाह्या वर केल्या.

गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान स्टेरिंगाक हात लावलेलो आसा, तेका यश दी. जावयाच्या पाठीक उसण भरली तर ती निवार." मी जरा दबकत होय म्हाराजा म्हटलं. मामांनी बॅटरीची तार सोडली, बटण काढलं, नट सैल केला. पूर्ण काढला नाही, चार आटे ठेवले. स्टेअरिंगचं चाक एकदम सुटलं तर नाकावर येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग आम्ही दोघे चाक ओढायला लागलो. चाक तसूभर हललं नाही. रॉकेल घालून झालं. गुडघे टेकून ओढून झालं आणि देवाने उसणीकडे साफ दुर्लक्ष केलं. म्हापशाहून मेकॅनिक आला, पण गाऱ्हाण्याची वाट न बघता त्याने हातोडा उचलला, म्हणून मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग डिचोलीच्या गॅरेजमधून पुलर आणला. दोन नांग्यांनी चाक धरायचं आणि मधला स्क्रू पिळत जायचं, असं ते हत्यार. स्क्रू पिळून पिळून आमचे हात भरून आले. "गाडयेक सोडवत नाय," मामा म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

तेव्हा मामी बाहेर आल्या. त्यांनी वाकून नटाच्या भोवती पाहिलं. तिथे तपकिरी, काचेसारखा कडक थर बसला होता आणि त्यात अडकून पडलेल्या मुंग्या स्पष्ट दिसत होत्या. तीसपस्तीस दसऱ्यांची साखर, मध आणि तूप चाक आणि दांडा यांच्या मधल्या दात्यांत जाऊन थिजलं होतं. "गुळाच्या डब्याचा झाकाण बसला की मी काय करतंय? हातोडो घेतंय?" असं म्हणून त्यांनी चुलीवरचं कढत पाणी आणलं आणि किटलीने बारीक धार धरली. थोड्या वेळाने सगळ्या गाडीला प्रसादाचा वास सुटला. मी स्क्रूला अर्धा फेरा दिला आणि चाक टक् करून सुटलं.

मामांनी लगेच उचललं नाही. खिशातून खिळा काढून त्यांनी चाकावर आणि दांड्यावर समोरासमोर एक ओरखडा काढला. पुन्हा बसवताना चाक सरळ यावं म्हणून ही खूण करतात. पुन्हा कधीच बसवायचं नसलेल्या चाकाला त्यांनी खूण का केली, हे मी विचारलं नाही. चाक बाहेरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी टांगलं. मामांनी त्याला उलटा हात लावला. "लायन बंद," ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवायला बसले तेव्हा वरणाच्या वाटीला त्यांनी सरळ हात घातला. बोटं पोळली तरी ते तसेच जेवत राहिले.

पंधरा दिवसांनी मामींनी चाक स्वतःच खिळ्यावरून काढून मामांच्या मांडीवर ठेवलं. "खुणेर बसवा. शुक्रवारी म्हापशाक जावचा आसा."

"आणि चलयतलो कोण?"

मामींनी ब्लाउजात ठेवलेलं छोटं पाकीट काढलं आणि त्यातलं लायसन त्यांच्या हातात दिलं. मिरच्यांचे दोन तास म्हापशाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात होते. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून. मामांनी लायसन डोळ्यांजवळ नेलं, फोटो पाहिला, मग मामींकडे पाहिलं. "माका सांगलंस नाय तो?" "सांगलं आसता तर तुमी शिकवक बसला आसतात," मामी म्हणाल्या.

शुक्रवारी मी मुद्दाम गेलो आणि मागच्या सीटवर बसलो. मामी स्टेअरिंगवर, पदर खोचून. मामा आयुष्यात पहिल्यांदा बाजूच्या सीटवर, आणि नसलेला ब्रेक पायाने शोधत. त्यांनी हात जोडले. मी लांबलचक गाऱ्हाण्याच्या तयारीने सरसावून बसलो, पण ते एवढंच म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आजपासून हिच्या हातार राव."

"होय म्हाराजा," मी म्हटलं.

मामींनी गाडी सुरू केली. मामांनी हळूच हात पुढे केला. चाकाकडे नेता नेता तो थोडा सरकला आणि चाकावरच्या मामींच्या मुठीवर उलटा टेकला. थोडा वेळ तिथेच राहिला.

"लायन चालू आसा," मामा म्हणाले, आणि हात काढून घेऊन खिडकीबाहेर बघत बसले.