तुमी जावा म्होरं

शिवाजी पेठेतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथं एक मिल कामगार यायचा. मिल चालू होती तोवर हा गडी नंबरावरून भांडायचा आणि सुई टोचून घेतल्याशिवाय उठायचा नाही. पुढं मिल बंद पडली, पगार थांबला. तरी सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसायचा. नंबर आला की मात्र शेजारच्याला म्हणायचा, "तुमी जावा म्होरं पावणं, मला कुठं गडबड हाय?"

एकदा बाकावर दुसरं कुणीच उरलं नाही. त्यानं दाराकडं बघितलं, कुणी येतंय का. मग टोपी झटकत म्हणाला, "बसूनच बरं वाटलं की!" आणि खोकत बाहेर निघाला.

"बाहेर कोण खोकतंय रे?" डॉक्टरांनी आतून विचारलं.

"कुणी न्हाय," मी म्हणालो.

त्याची अब्रू राखली, असं तेव्हा वाटलं.