वहिनींची काळी पाच

वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतात. तेवीस वर्षं झाली. मालक जेवायला गेला की गिऱ्हाइकाशी बोलायची वेळही त्यांच्यावरच येते, आणि मग गिऱ्हाइकाची काही खैर नसते. नंबर वाढला हे कुणालाच ऐकायचं नसतं. कुणी म्हणतं तुमचं मशीन बिघडलंय, कुणी म्हणतं रात्री झोप नीट झाली नव्हती. वहिनी सगळं ऐकून घेतात आणि सांगतात, वय झालं, जाड काच घ्या. अशा फटकळ बाईला दुकानात ठेवलंय कसं, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी बसवलेली काच फ्रेममध्ये कधी डुगडुगली नाही, म्हणून ठेवलंय.

शनिवारी दुकान लवकर सुटतं आणि वहिनी गायला जातात. चौघांचा बँड आहे. त्यांचे धाकटे दीर कीबोर्ड वाजवतात, लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण गिटार, आणि एक बेकरीवाला ड्रम. सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. बेकरीवाला त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा आहे, तोही. बँड उभा केला होता वहिनींच्या नवऱ्यानं. तो जाऊन अकरा वर्षं झाली.

आता काळी पाचची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. काळी पाच म्हणजे वहिनींची पट्टी, कीबोर्डवरच्या ज्या सुराला धरून त्या गातात तो सूर. बाईमाणसाला ही पट्टी तशी उंचच. तरुणपणी त्या बँडमध्ये आल्या तेव्हा गायला दुसऱ्याच एक बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांना वरचे सूर जड जायला लागले, म्हणून त्यांनी पट्टी जरा उतरवा अशी विनंती केली. तेव्हा वहिनी, नव्या कोऱ्या, सगळ्यांसमोर बोलून गेल्या की पट्टी उतरवायची वेळ आली की माणसानं माइक खाली ठेवावा. त्या बाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेल्या त्या गेल्याच. वहिनींना याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट ज्याला-त्याला सांगत सुटायच्या, माझ्यावर ती वेळ येईल त्या दिवशी मी होऊन थांबेन, मी आजही काळी पाचलाच गाते. आणि खरंच, आवाज थोडा भरड झाला असेल, पण वरची ओळ आली की सभागृह टाळ्या वाजवायचं.

तर गेल्या महिन्यात दिरांच्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले, आणि ऑपरेशनची तारीख आली नेमकी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातले हेडक्लार्क निवृत्त होणार होते, त्यांचा निरोपसमारंभ. दीर म्हणाले, रद्द करा. वहिनी म्हणाल्या, काही गरज नाही, तिघांत भागेल. दीर पुन्हा म्हणाले, रद्द करा. ऑपरेशनला आत नेत होते तरी ते हेच घोकत होते, आणि गिटारला सूर कोण देणार म्हणून विचारत होते. वहिनींना राग आला. एवढ्याशा पेटीवाचून जग थांबतंय का, असं त्या मनात म्हणाल्या. लिफ्टवाल्यानं तर छातीठोकपणे सांगितलं की सूर लावायचं ॲप त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

समारंभ होता फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. संध्याकाळचे सहा. पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या, पंख्यांचा खडखडाट, आणि पुढच्या रांगेत हेडक्लार्क आणि त्यांची बायको. लिफ्टवाला मोबाइल मांडीवर ठेवून तारा पिळत होता. एक तार फाटकन तुटली. दुसरी चढवताना त्यानं कुरकुर केली की आज तारा भलत्याच ताठ लागतायत, बोटं कापतायत. वहिनींनी लक्ष दिलं नाही.

पहिल्याच गाण्याला घात झाला. सुरुवातीच्या ओळीलाच वहिनींना टाचा उचलाव्या लागल्या. अंतऱ्याच्या शेवटी ती वरची ओळ आली, वहिनी चढल्या आणि आवाज फाटला. नुसता चिरकला नाही, फाटला. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. बेकरीवाल्यानं घाईघाईनं ड्रम बडवून वेळ निभावली. दुसरं गाणं त्यांनी कसंबसं ओढलं, तिसऱ्याच्या आधी माइक स्टँडला अडकवला आणि पाणी पिऊन येते म्हणून जिन्यात गेल्या. हेडक्लार्कच्या बायकोनं फर्माईश केलेलं गाणं अजून व्हायचंच होतं, आणि त्याची वरची ओळ पहिल्याहून अवघड.

जिन्यात उभं राहून वहिनींनी आधी माइकला शिव्या घातल्या, मग पंख्याला, मग सर्दीला. सर्दी झाली नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी लिफ्टवाल्याला बाहेर बोलावलं आणि सूर चुकीचा लावलास म्हणून झापलं. त्यानं बिचाऱ्यानं मोबाइल पुढे केला. सूर बरोबर होता, केसाचाही फरक नव्हता. तो म्हणाला की एरवी तो दिरांच्या कीबोर्डला धरूनच तारा लावतो आणि त्या नेहमी सैल राहतात, म्हणून गेली काही वर्षं तो जाड तारा आणतो. त्याला वाटायचं, हल्ली तारांचा मालच वाईट येतो.

काचांचे नंबर बघण्यात आयुष्य गेलेल्या बाईला एवढं गणित समजायला कितीसा वेळ लागणार? कीबोर्डवर एक बटण असतं, एकदा दाबलं की बोटं तीच राहतात आणि सूर एक पायरी खाली जातो. त्यांनी हॉस्पिटलात फोन लावला.

"भावजी, पट्टी कितीनं उतरवलीत?"

पलीकडून दिरांचा खोल गेलेला आवाज आला. "तीननं."

"कधीपासून?"

"दादा गेला त्या वर्षी पहिली. मग चार वर्षांनी एक. तिसरी गेल्याच्या गेल्या वर्षी."

"त्या बाईंना मी काय बोलले होते, ऐकलं होतंत ना तुम्ही?"

"तिथेच तर बसलो होतो. म्हणून सांगितलं नाही." दीर दम घ्यायला थांबले. "दादा गेल्यावर तुम्ही घरात दिवसचे दिवस बोलत नव्हतात, वहिनी. आवाज निघायचा तो फक्त गायला उभ्या राहिलात की. तोही बंद झाला असता तर मी काय केलं असतं?"

वहिनींना संताप आला, लाज वाटली, आणि या माणसाबद्दल माया दाटून आली. अकरा वर्षं हा मूग गिळून बसला, आणि आपण जगाला काळी पाच सांगत फिरलो. टाके सांभाळा एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. लिफ्टवाला शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि आता तो जिन्याचा कठडा न्याहाळत होता. गाणं इथेच थांबवू या, तब्येत बरी नाही असं मी सांगतो, असं तो हळूच म्हणाला. वहिनींचाच नियम होता, तो मोडायचा नसेल तर हे बरोबरही होतं.

वहिनी आत गेल्या आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. माइक चालू होता. त्यांनी तो बंद केला नाही.

"तारा उतरव," त्या लिफ्टवाल्याला म्हणाल्या.

"तीननं ना?"

गेलं वर्षभर वहिनींना वरच्या ओळीला टाचा उचलाव्या लागत होत्या, घरी आल्यावर घसा धरून बसावं लागत होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा.

"चारनं. माझा आवाज आता तिथे आहे."

हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. बेकरीवाल्यानं आ वासला. लिफ्टवाल्याला सगळ्या तारा लावायला पाच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ वहिनी लोकांच्या तोंडाकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. मग हेडक्लार्कच्या बायकोचं गाणं सुरू झालं. वरची ओळ आली तेव्हा वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आवाज कुठेही फाटला नाही.