माझ्या खिडकीतला शिवनेरी

जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर एक सायबर कॅफे होता. प्लायवूडचे आडोसे, डुगडुगणाऱ्या खुर्च्या आणि माझ्या ठरलेल्या खुर्चीशेजारी एक खिडकी. कचेरी सुटली की मी तिथं जाऊन बसायचो, ते बोरीची शेवटची एसटी लागेपर्यंत. खाली कुणीतरी पातेल्यावर नाव घालत असायचं, त्याची टकटक माडीवर यायची. वर पडद्यावर कुणीतरी कुठूनतरी काहीतरी लिहीत असायचं.

इंटरनेटवर आमचा एक ग्रुप होता, सगळे एका गायिकेचे वेडे. ती मोजकंच गायली आणि गप्प झाली. बोरीत तिचं नाव काढलं तर लोक विचारायचे, "कोन? आपल्यातली हाय का?" ग्रुपवर मात्र तिच्या एका हरकतीवरून आठवडाभर भांडणं चालत. रोजचे आम्ही चौघं. दुबईत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, सांगलीच्या एक मास्तरीणबाई, पुण्याच्या कंपनीत नव्यानं लागलेला एक नागपूरकर पोरगा आणि मी. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. मला वाटायचं, ही माणसं त्या कॉम्प्युटरच्या डब्यातच राहतात आणि मी एसटीला गेलो की दिवा मालवून झोपतात.

पावसाळ्यात कधीतरी मास्तरीणबाईंनी विचारलं, "तिचं गाणं ऐकताना तुमच्यासमोर काय असतं?" मी मान वळवली. शिवनेरीवर ढग टेकला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत मी लिहून टाकलं, "माझ्या खिडकीतून शिवनेरी दिसतो."

आता यात खोटं ते काय? खिडकी होती, शिवनेरीही होता. फक्त खिडकी माझी नव्हती. पण कौतुक झालं आणि मी सुटलो. पुढच्या महिन्यात त्या खिडकीशी आरामखुर्ची आली, मग बाहेर प्राजक्त लागला. दुबईकर म्हणायचे, "जरा बसू द्या हो तुमच्या खिडकीत, इथं समोर नुसती भिंत आहे." मी मोठ्या मनानं बसू द्यायचो. बोरीतल्या माझ्या खऱ्या खिडकीतून एक म्हैस दिसायची आणि म्हशीमागं ऊस. शिवनेरी तिथून इतका लांब, की नजरेत बसायला मधली निम्मी टेकाडं उचलून ठेवावी लागली असती.

दिवाळीची सुट्टी लागली तसा ग्रुपवर गाण्याचा विषय मागं पडला.

"माझी चकली मऊ पडली," मास्तरीणबाई.

"इकडं पाठवा, इथल्या उन्हात कडक होईल," दुबईकर.

"मला गाडीचं तिकीटच नाही भेटलं," नागपूरकर. "रूमवर एकटा आहे. फराळाला ब्रेड आहे बे."

मी लिहिलं, "मग या की आमच्याकडं बोरीला!"

हे आमच्याकडं तोंडातून आपोआप निघतं. दिवाळीत वाटेनं जाणाऱ्या कुणालाही आम्ही हाळी देतो, "या फराळाला!" कंडक्टरला देतो, वायरमनला देतो, गुरांच्या डॉक्टरला तर चालत्या फटफटीवर देतो. समोरचा "येतो की" म्हणतो आणि पुढं जातो. दोघांचाही मान राहतो. नागपूरकडं रीत वेगळी असावी. त्यानं लिहिलं, "येतो. पाडव्याला सकाळी. नारायणगावला उतरतो. मला फक्त ती खिडकी दाखव."

मी उत्तराला बोटं टेकवली आणि लाइट गेली. कॅफेवाला म्हणाला, "चला राव, आता दिवाळी झाल्यावरच उघडणार."

घरी येऊन आईला सांगितलं, पाडव्याला मित्र येतोय.

"कुठला?"

"कॉम्प्युटरवरला."

"बघितलाय का कधी?"

"न्हाई."

"मंग वळखणार कसा रं?"

ओळखायची चिंता मला नव्हतीच. चिंता होती खिडकीची. जगात तिघंच जण माझं गाण्याचं वेड ऐकून घेणारे. त्यातला एक येऊन म्हैस बघणार आणि उरलेल्या दोघांना सांगणार. थापाड्याशी कोण बोलतं?

पाडव्याला असं धुकं पडलं की फटफटीचं पुढचं चाक दिसेना. नारायणगावचा स्टँड दुधात बुडाल्यासारखा. एसट्यांचे पिवळे दिवे तरंगत यायचे, माणसं सोडायचे, विरघळून जायचे. त्या पांढऱ्यात एक काटकुळा पोरगा उभा होता आणि छातीशी तिची कॅसेट धरून होता. माझ्याही खिशात तीच. मी ती वर केली. तो हसला. डब्यातलं माणूस बाहेर येऊन पाय टेकवून उभं होतं, आणि मला ते स्वप्नच वाटत होतं. येताना वाटभर तो मागं बसून गुणगुणत होता. दोन्हीकडं उसाच्या भिंती, वर आभाळ नाही. ही वाट कधी संपूच नये, असं मला दोन कारणांनी वाटलं.

घरी पाय धुतले आणि तो थेट खिडकीशी गेला. बाहेर नुसता कापूस.

"कुठं आहे बे शिवनेरी?"

"धुक्यात आहे," मी म्हणालो. अगदी खरं सांगितलं.

"मग थांबतो."

तो खिडकीशी मांडी घालून बसला. आईनं ताट आणलं. तो लाडू खात बाहेर बघायचा, मी त्याच्याकडं बघायचो आणि मनात धुक्याला हात जोडायचो, बाबा, आजचा दिवस बस. पण ऊन वर आलं. आधी गोठ्याचे पत्रे उमटले. मग दोन शिंगं, मग अख्खी म्हैस. मागं ऊस. संपलं.

नागपूरकर बराच वेळ बघत राहिला.

"काय बघताय पावणं?" आई म्हणाली.

"शिवनेरी, मावशी."

"हितनं? आवं, त्यो तिकडं जुन्नरला! ह्यानं सांगितलं व्हय? लई बाताड्या हाय ह्यो. हितनं फकस्त म्हस दिसती."

मी चिवड्यातले शेंगदाणे निवडायला लागलो. त्यानं कॅसेट काढली, आमच्या जुन्या टेपमध्ये घातली. ती गायला लागली. म्हशीनं मान वर केली आणि रवंथ थांबवला. उसावरून धुक्याची शेवटची चिंधी सावकाश सरकत होती. आम्ही तिघं त्या चिंधीकडं बघत बसलो, टेप संपून खट्ट होईस्तोवर. संध्याकाळी आईनं त्याला करंज्यांचा डबा दिला. मी स्टँडवर सोडलं. खिडकीचं नाव ना त्यानं काढलं, ना मी.

सुट्टी संपली, कॅफे उघडला. मी माझ्या खुर्चीत बसलो खरा, पण ग्रुप उघडायला हात होईना. शेवटी उघडला. मास्तरीणबाईंनी त्याला विचारलं होतं, "गेला होतास ना? दिसला का शिवनेरी?"

खाली त्याचं उत्तर होतं. "धुकं फार होतं. परत जावं लागते."

दुबईकरांनी लिहिलं होतं, "पुढच्या दिवाळीत मलाही न्या." आणि मास्तरीणबाईंनी मला विचारलं होतं, "आज कसं आहे हो हवामान?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. शिवनेरी उन्हात लख्ख उभा होता, कड्यावरचं गवतसुद्धा मोजावं इतका.

मी लिहिलं, "धुकं आहे अजून. या की तुम्ही."