सालीची पूड आणि वर्षाची चटणी

माझी नात एका झाडाच्या मागे लागली आहे. झाडाचं नाव मी लिहिणार नाही. तिनं तसं बजावलंय. एवढंच सांगते की ते कोडोलीच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर येतं, आणि तिकडची माणसं बैलाच्या खांद्याला जखम झाली की त्याची साल उगाळून लावतात. नात पीएच.डी. करते. पानं, साली, मुळ्या यांच्यातली द्रव्यं वेगळी काढायची आणि ती जंतूंना मारतात का, कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतात का, हे बघत बसायचं, असलं तिचं काम. बहुतेक वेळा काहीच होत नाही. मग दुसरं झाड.

असलं काम माणसाला सुखानं बसू देत नाही, हे मला ठाऊक आहे, कारण ऐन विशीत मीही त्यात नाक खुपसून आले आहे. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. साडीवर पांढरा कोट चढवून एस.टी.त बसायची आणि घामानं थबथबले तरी काढायची नाही. लोकांना कळायला नको का, कॅन्सरवर औषध शोधणारी बाई चाललीय म्हणून? गडहिंग्लजला मावसबहिणीच्या लग्नाला गेले तेव्हासुद्धा तो कोट पिशवीत होता. एका पानातून पिवळेधमक स्फटिक निघाले तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. आठवडाभरात आमच्या सरांनी ग्रंथालयातलं एक धुळकट मासिक माझ्यापुढं ठेवलं. माझे ते स्फटिक माझ्या जन्माआधीच कुणीतरी शोधून, नाव देऊन मोकळं झालं होतं. गल्ली मात्र पुढं कितीतरी दिवस मला विचारत होती, औषध बाजारात कधी येणार? शेवटी मी लग्न करून बावड्यात आले आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले. तिथं सगळे शोध आधीच लागलेले असतात, बरं असतं.

नातीचं तसं नाही. तिच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, पायाला जखम झाली, ती चिघळली, दवाखान्यात औषधामागून औषध बदललं, आणि जंतूंनी एकालाही दाद दिली नाही. ती तेव्हा बारावीत होती. कॉटशेजारी बसून ती डॉक्टरांना विचारायची की आता पुढचं कुठलं देणार. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, पुढचं नाही. तेव्हापासून ही पोरगी ते पुढचं शोधते आहे. घरात कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिनं सालीचं पोतं आणलं, सावलीत वाळवलं, आणि नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेतलं दळायचं यंत्र जळालं. दुरुस्तीला महिना लागेल म्हणाले. महिनाभर थांबणं आमच्या रक्तात नाही. त्याच आठवड्यात आमच्या घरची वर्षाची चटणी व्हायची होती. कांदा, लसूण, खोबरं, मिरच्या, गरम मसाल्याचं सामान, सगळ्या गच्चीवर पसारा. चटणी कांडायला कांडप गिरणीत जायचंच आहे तर सालही तिथंच कुटून आणावी असं ठरलं. कुणी ठरवलं यावर अजून वाद आहे. माझं मत, तिनं.

आमच्या कांडपात लोखंडी मुसळं उखळांत धपाधप आपटत असतात आणि ओळीत बायका नाकाला पदर लावून बसलेल्या असतात. उखळ कुणी धूत नाही. ओल लागली तर चटणीला बुरशी येते, म्हणून फडक्यानं पुसायचं, बस्स. तळाशी मूठभर राहतंच. म्हणून प्रत्येक बाईचं लक्ष आपल्या आधी कोण आहे यावर असतं. कुणाच्यात लवंग जास्त, कुणाच्यात खोबरं खवट. अख्खा बावडा एकमेकींची चटणी थोडीथोडी खातो आणि वर एकमेकींना नावंही ठेवतो.

नात शिंकून शिंकून बाहेर जाऊन उभी राहिली होती. मी आत. कांडपवाल्या बाईनं साल हातात घेतली, वास घेतला, औषधाची आहे म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम जबाबदार झाला.

"मिरचीच्या मागनं घातली तर जळजळंल की आज्जी. तुमचा गरम मसाला झालाय, त्येच्या मागनं घ्या. येकाच घरचं हाय, काय बिघडत न्हाय."

मला ते पटलं. मी, जिनं जन्मभर पोरांना स्वच्छ परीक्षानळी म्हणजे काय ते शिकवलं, तिला ते पटलं. एकाच घरचं म्हटल्यावर आमच्याकडे सगळंच शुद्ध होतं. मसाल्यामागून साल कुटली, सालीमागून मिरच्या. पूड तपकिरी, मसालाही तपकिरी. कुणाला काय दिसणार?

त्या पुडीच्या अर्कानं कमाल केली. काचेच्या बशीत जंतूंचा पांढरट थर वाढवतात आणि मधे अर्काचा थेंब सोडतात. थेंबाभोवती जंतू मेले की स्वच्छ गोल पडतो. नातीनं फोनवर त्या गोलाचा फोटो दाखवला. जंतू साधे नव्हते, आजोबांच्या पायात होते त्याच जातीचे. पुण्याला पाठवलेल्या अर्कानं कॅन्सरच्या पेशींचीही वाढ मंदावली, असं कळलं. तिच्या सरांनी पुण्याच्या परिषदेत तिचं भाषण ठरवून टाकलं. पोरगी घरात चालत नव्हती, तरंगत होती.

मग पावसाळ्यात तिनं ताजी साल आणली, दुरुस्त झालेल्या यंत्रावर दळली, आणि काहीही झालं नाही. गोल पडेना. पुन्हा केलं, पडेना. झाडात पावसाळ्यात द्रव्य कमी होत असेल, ती म्हणाली. मग माती वेगळी असेल. मग ती कोडोलीला जाऊन त्याच पहिल्या झाडाची साल घेऊन आली. तरीही नाही. जेवताना तिचा पाय टेबलाखाली सारखा हलायचा. भाषण तोंडावर आलं होतं, आणि सर म्हणत होते की पहिले निकाल पुरेसे आहेत, तेवढेच मांड.

त्याच दिवसांत सूनबाईची कुरकुर चालू होती की यंदाची चटणी कडवट झालीय. तीळ करपले, मिरची जुनी दिली, असं ती रोज कुणाला तरी जबाबदार धरायची. एका दुपारी मी भाकरीवर तेल-चटणी घेतली, पहिला घास तोंडात घातला आणि तसाच धरून बसले. हा कडूपणा मिरचीचा नव्हता. नातीनं मला एकदा ती साल चाखायला लावली होती, तो होता.

साल चटणीत आली होती. मग सालीत काय गेलं होतं?

माझं जेवण तिथंच संपलं. गच्चीवर गेले, खाली आले, देवघरात गेले, तिथून स्वयंपाकघरात. सांगितलं नाही तर? पोरगी भाषण करेल, टाळ्या घेईल, तिचं नाव होईल. आणि एखाद्या वर्षानं कुणीतरी तिच्यापुढं धुळकट मासिकासारखं काहीतरी आणून ठेवेल. ती संध्याकाळी आली तेव्हा मी दारातच सगळं सांगून टाकलं, चपला काढायच्या आत.

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "आज्जी, आबांना वाचवलं असतं असं औषध सापडलंय असं मी समजत होते. आणि तो तांबडा रस्सा निघाला."

मला हसू आलं, ते मी गिळलं. तिलाही आलं असावं, पण तिनं ते रडण्यात घालवलं.

दुसऱ्या दिवशी ती डब्यात आमचा गरम मसाला घेऊन गेली. नुसत्या मसाल्याचा अर्क, नुसत्या सालीचा अर्क, आणि दोन्ही एकत्र. जंतू वाढायला रात्र जावी लागते. मी तोवर मोहरीचा डबा दोनदा निवडला, त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं. दुपारी तिचा फोन आला. नुसत्या सालीच्या बशीत जंतू काठापर्यंत गालिच्यासारखे पसरले होते. मसाल्याभोवती स्वच्छ गोल. लवंगेत आणि दगडफुलात जंतू मारणारी द्रव्यं असतात, हे पुस्तकातच आहे, ती म्हणाली, आणि हे ती स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. काचेच्या बशीत मारतात. माणसाच्या रक्तात जाऊन मारणं निराळं.

सरांनी परिषदेतून नाव काढून घेऊ म्हटलं. ती नाही म्हणाली. ती गेली, आणि तिनं व्यासपीठावर उभं राहून काय झालं ते सांगितलं, उखळासकट. लोक हसले, असं ती परत आल्यावर म्हणाली. कसे हसले, ते मी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. कॅन्सरच्या पेशींवर झालेला परिणाम सालीचा की मसाल्याचा? नुसत्या सालीचा अर्क तिनं पुण्याला पाठवला आणि वाट पाहणं सुरू झालं. फोन वाजला की ती तो घेऊन गॅलरीत जायची, आणि मी आतून तिच्या पाठीकडे बघायची.

काल सकाळी ती पाठ बराच वेळ हलली नाही. मी चहा गाळायचा सोडून दारात जाऊन उभी राहिले. ती वळली.

"थोडी थांबलीय वाढ. नुसत्या सालीनं. अगदी थोडी."

थोडी म्हणजे आहे की नाही, मी विचारलं.

"थोडी म्हणजे परत कोडोली," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली. चहा तसाच राहिला. मीही माझ्या शोधायला लागले.