धवलारणीची ओटी

पळसदरीच्या हर्षलाची इंटर्नशिप संपली त्याच आठवड्यात तिच्या भावाची, ओमकारची, हळद होती. समाजकार्याच्या पदवीसाठी ती कर्जतच्या एका निवाऱ्यात काम करत होती. विकल्या गेलेल्या आणि सोडवून आणलेल्या मुली तिथे राहत. त्यातली लोधिवलीकडची रिया फक्त हर्षलाशीच मोकळं बोले. परवा कुठे तिने पोलिसांना जबाब दिला आणि नाव घेतलं, नंदा धवलारणीचं.

नंदा म्हणजे लग्नात धवले गाणारी मानाची बाई. तिने गायल्याशिवाय त्यांच्यात हळद लागत नसे. ओमकारच्या हळदीलाही तीच येणार होती.

"माज्या बहिणीच्या हळदीत तिनं मला हेरलं," रिया म्हणाली. "मुंबईला घरकाम हाय बोलली. आयनं मला तिच्या पाया पडायला लावलं. सगळ्या बायका बघत होत्या. आता तिला पण तशीच न्या. सगळ्यांच्या देखत."

निवाऱ्याच्या प्रमुख सुचेताबाईंनी निरोपाचा पेढा हर्षलाच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "पोलीस तिला घरून नेतील. तू मध्ये पडू नकोस. आपलं काम मुलींना उभं करण्याचं, सूड घेण्याचं नाही."

"लग्नसराईत ती घरी सापडते कुठे, बाई? आणि उद्यापासून मी तुमची इंटर्न नाही. नवरदेवाची बहीण आहे."

तिथून ती थेट पोलीस ठाण्यात गेली. आईला मात्र अवाक्षर बोलली नाही.

हळदीला नंदा हिरवी साडी नेसून, गजरा माळून आली. आईने तिची तांदूळ-नारळाने ओटी भरली.

"काय गं हर्षला, तुजा नंबर कवा? चांगलं थळ बघते तुला."

"बघा की, मावशी. पोरी हेराव्या तर तुमीच."

नंदा खळखळून हसली आणि गायला बसली. हर्षलाने तिला पहिला धवला पुरा गाऊ दिला. आळीतल्या सगळ्या बायका मांडवात येऊ दिल्या. मग मागे साध्या साड्यांत बसलेल्या दोन पोलीस बायकांकडे पाहून मान हलवली.

त्यांनी नंदाचं मनगट धरलं आणि कशासाठी नेतोय ते मोठ्याने सांगितलं. मांडवातल्या बायका उठून बघू लागल्या.

"वयनी, सांगा की गं यांना!" नंदा आईकडे वळली.

आईच्या आधी हर्षलाच पुढे झाली. तिने नंदाच्या पदरातला नारळ काढून घेतला. "ही आमच्या घरची ओटी हाय."

जीप गेल्यावर आई तिच्यावर तुटून पडली. "भावाच्या हळदीतच सुचलं तुला? उद्या नेली असती तर काय बिघडलं असतं?"

"उद्या कोणी पायलं असतं गं, आय?"

संध्याकाळी ती निवाऱ्यावर गेली. रिया दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तोंड लपवलं तिनं?"

"लपवायला गेली. पदर वर घेतला, तर ओटीचे तांदूळ सगळे तोंडावर."

रिया पायरीवर बसली. "परत सांग," ती म्हणाली. "गजऱ्यापासून सांग."

हर्षला तिच्या शेजारी टेकली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.