उशिराचं कारण

घड्याळ, पंचांग आणि यष्टीचं वेळापत्रक या तिन्ही गोष्टी दुसऱ्या लोकांसाठी असतात, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे आतोबा. आत्याचे हे यजमान मुळशीच्या धरणाकाठी एका खेड्यात मास्तर होते आणि पेन्शनीत निघाल्यावरही तिथंच राहिले. माझ्या मुंजीला ते दोन दिवसांनी पोचले, मांडव सोडणाऱ्या गड्यांना हातभार लावला आणि शांतपणे म्हणाले, "मुंज झाली तर झाली, मुलगा आहे ना जागेवर?" वर्तमानपत्र त्यांच्याकडे चार दिवसांचं एकदम यायचं, पण ते वाचत रोज एकच, आणि तेही क्रमानं. मी पुण्याहून ताजी बातमी घेऊन गेलो की लगेच हात वर करत. "थांब, सांगू नकोस. मी अजून मंगळवारात आहे." आत्या कपाळाला हात लावायची. मला मात्र त्यांच्या त्या मंगळवारात जाऊन बसायला फार आवडे. समोर स्वस्थ पाणी, पाण्यात उलटे पडलेले डोंगर, पलीकडच्या काठावरून कुणीतरी होडीवाल्याला मारलेली हाक, आणि ती हाक अलीकडे येईपर्यंत गार होऊन गेलेला आतोबांचा चहा. तिथं घटकाभर बसलं की आपल्याला कुठं जायचं होतं तेच आठवत नसे.

अशा माणसानं मुदतीच्या कामात पडावं, ही मोठी गंमत. गिरणीत, खाणीत, रस्त्याच्या कामावर कुणी जायबंदी झाला की नुकसानभरपाईचा अर्ज लिहून घ्यायला तो मास्तरांकडे यायचा. बहुधा उशिराच यायचा. आधी देवऋषी, मग हाडवैद्य, मग भाताची लावणी, आणि हे सगळं उरकलं की कायदा. त्यामुळे अर्जात उशिराचं कारण सांगणारा एक परिच्छेद लागेच, आणि तो परिच्छेद म्हणजे आतोबांचं खास राज्य. मी पुण्यात नुकती वकिली सुरू केली होती. ते कागद माझ्याकडे येत. "अर्जदार धरणापलीकडे राहत असून तेथे धुके असे दाटते, की शेजारी उभी असलेली स्वतःची म्हैस अर्जदारास हाका मारून शोधावी लागते." अर्ज इंग्रजीत करताना मी म्हैस गाळून टाकायचो. पुढच्या खेपेला ते हमखास विचारायचे, "म्हैस पोचली का रे कोर्टात?" आणि मी हो म्हणून सांगायचो.

गेनूचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हा पलीकडच्या काठावरचा गडी एका भातगिरणीत कामाला होता. तिथं पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. मालकानं सांगितलं, हा त्या दिवशी कामावर नव्हताच, उगाच आत शिरला होता. भरपाईच्या अर्जावरच्या निकालातही तेच आलं, की गेनू खोटं बोलतो. अपिलाला साठ दिवस होते. आतोबा त्याला म्हणाले, "दोन महिने आहेत, निवांत ये." आणि गेनू निवांत आला. करवंदांचा द्रोण घेऊन, हसतमुखानं, साठ दिवसांवर आणखी महिना उलटत आल्यावर. मी नेमका तिथंच होतो. "अरे, मुदत संपली की!" मी ओरडलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "संपली कशी? उद्या दोन म्हैने व्हत्यात. मदी धोंड्याचा म्हैना आला न्हवं, त्यो कुटं धरत्यात?" दर तीन वर्षांनी येणाऱ्या त्या अधिक महिन्यात त्याच्या घरी कुणी नवं काम हातात घेत नसे, मग कोर्टानं तरी तो कशाला मोजावा?

मी म्हणालो, ताप आला होता असं लिहू, डॉक्टरचा दाखला मी आणतो. आतोबांनी तर टाक उचललाच होता. त्यांच्या डोळ्यांत तो ताप चढायलाही लागला होता. पण गेनू मान हलवायला लागला. "ताप न्हवता आला, मास्तर. मी खोटं बोलतो, असं लिवलंय न्हवं त्यांनी? आता खोटा ताप लिवला तर त्यांचं खरं झालं की. मंग अपील कशापायी करायचं?"

आतोबांनी टाक खाली ठेवला. ते उठून पाण्याकडे गेले आणि दुपार कलेपर्यंत तिथंच बसून राहिले. उन्हानं पाणी आत आत सरकलं होतं आणि डोंगर धुरकट, झोपेत असल्यासारखे दिसत होते. परत आल्यावर त्यांनी टाक उचलून दोन ओळी लिहिल्या. "अर्जदाराने दोन महिने आपल्या रीतीने प्रामाणिकपणे मोजले. अधिक महिनाही मोजायचा असतो, हे त्यास सांगावयास मी विसरलो." खाली स्वतःची सही. धुकं नाही, म्हैस नाही. तो कागद इंग्रजीत करताना मी एक शब्दही गाळला नाही.

मुंबईच्या हायकोर्टातल्या न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला, किंचित हसले आणि उशीर माफ केला. अपिलाचा निकाल लागायला पुढं वर्ष गेलं. गिरणीच्याच हजेरीपुस्तकात त्या दिवसापुढं गेनूचं नाव होतं. तोवर ते पान कुणी उघडलंच नव्हतं.

निकाल घेऊन मी गेलो तेव्हा आतोबा आणि गेनू काठावर बसले होते. आतोबांनी तो मराठीत सांगितला. भरपाईचा आकडा आला तेव्हा गेनूनं नुसती मान हलवली. मग हळूच विचारलं, "मी खरं बोललो, असं हाय का त्यात?"

"आहे."

"कुटं?"

आतोबांनी ओळ दाखवली. गेनूला अक्षर येत नव्हतं. त्यानं त्या हाताचं उरलेलं बोट ओळीवर ठेवलं आणि तसंच ठेवून बसला. होडीवाल्यानं हाक मारली, पुन्हा मारली. आतोबांनी कागद जरासुद्धा हलू दिला नाही. आता आतोबा नाहीत. पण ते दोघं तसे बसलेले आठवले, की मला कसलीच घाई करावीशी वाटत नाही.