गडग्यावरचा फणस

श्रीवर्धनला आमच्या सुपारीच्या वाडीला लागून आमच्या शेजाऱ्यांची वाडी आहे. मधल्या दगडी गडग्यावर एक फणस होता. पहिला फणस उतरवला की ते पलीकडून हाक मारायचे, "मास्तर, या. फिफ्टी-फिफ्टी." कोयत्याला तेल लावून ते फणस कापायचे आणि चिकाने भरलेल्या हातांनी मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचे.

एकदा मी हसत म्हणालो, "ही कसली वाटणी? मला दरवेळी जास्तच येतं."

त्यांचा चेहरा उतरला. "वाटणी भावाभावांत होते मास्तर. झाडं मोजून, भांडी मोजून. आपलं फिफ्टी-फिफ्टी हाय." त्यानंतर तो मराठी शब्द मी त्यांच्यासमोर कधी काढला नाही.

गेल्या वादळात तोच फणस त्यांच्या पडवीवर कोसळला. मी धावत गेलो, तर ते कौलांच्या खचात उभं राहून बुंधा न्याहाळत होते.

"लाकूड चांगलं निघंल. फिफ्टी-फिफ्टी."

"आणि कौलं?"

"कौलं माझी हायत."

"पण झाड दोघांचं होतं."

ते बराच वेळ पायाने फुटके तुकडे गोळा करत राहिले. दुपारी आम्ही दोघांनी झाड कापून बाजूला केलं आणि मी माझ्या घरची शिल्लक कौलं आणून पडवीखाली रचली. मग शिडी लावून ते वर चढले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी हात खाली केला.

"द्या एकेक."